अनुभव धागा: हजारो ओळींचा पार्सर तुम्ही कसा सोडवलात?

बाणेर (धागा काढणारा)

मंडळी, गेल्या आठवड्यात एक पार्सर (मजकूर वाचून त्यातली माहिती सुटी करणारा कोड) माझ्या गळ्यात पडलाय, सगळा एकाच क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच गठ्ठ्यात. जावा, ३,४१२ ओळी, त्यात 'पार्स' नावाची एकच मेथड नऊशे ओळींची. काम म्हणाल तर ग्राहकांच्या ऑर्डरच्या सीएसव्ही फाइली (स्वल्पविरामाने रकाने पाडलेला साधा मजकूर) वाचणे. पण हाच पठ्ठ्या फाइल उघडतो, ओळी कापतो, तारखा ओळखतो, चूक दिसली की मेल पाठवतो आणि शेवटी डेटाबेसमध्ये लिहितोसुद्धा. वर सतरा बूलियन, म्हणजे हो-नाहीचे फ्लॅग. एकाचं नाव 'फ्लॅग२', दुसऱ्याचं 'फ्लॅग२नवा'. लिहिणारा कधीच सोडून गेला, आणि गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी यादी) सगळीकडे माझंच नाव, कारण पहिल्याच दिवशी मी हौसेने अख्खी फाइल फॉरमॅट करून टाकली. (हा गाढवपणा कोणी करू नका.)

सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे कोडमध्ये किती वाटा फुटतात ते, मोजली. १९७६ साली मॅककेबने हे माप मांडलं तेव्हा दहाच्या आत राहा असं सुचवलं होतं. आमचा आकडा २११. मॅनेजर म्हणतात, दोन स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांत) संपव. 'छोट्या मेथड करा' हे मलाही कळतं हो. तुम्ही स्वतः काय केलंत आणि कुठे तोंडावर आपटलात, ते सांगा.

हिंजवडी

माझा किस्सा बँक स्टेटमेंटचा, एमटी ९४० नावाच्या फॉरमॅटमधल्या. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक व्यवहार ६१ नंबरच्या टॅगमध्ये येतो. आधी सहा अंकी व्हॅल्यू डेट (व्यवहार लागू होतो ती तारीख), मग असली तर चार अंकी एंट्री डेट (नोंद होते ती तारीख), मग जमा की नावे, मग रक्कम, आणि रकमेत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम. त्यापाठोपाठ ८६ नंबरच्या टॅगमध्ये तपशील, तो चांगला सहा ओळींपर्यंत लांबू शकतो. आमचा क्लास एका लूपमध्ये ओळ ओळ वाचायचा आणि 'आपण आत्ता ८६ मध्ये आहोत का' हे पाच वेगवेगळ्या फ्लॅगमध्ये लक्षात ठेवायचा.

पहिले तीन दिवस मी कोडला हातच लावला नाही. आर्काइव्हमधल्या एप्रिल ते नोव्हेंबरच्या फाइली घेतल्या, खाते क्रमांक झाकले, जुन्या क्लासमधून काढल्या आणि जे आउटपुट आलं ते तसंच ठेवून दिलं. बरोबर की चूक, हे बघायचंच नाही. नव्या कोडचं आउटपुट त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, बस. मग फक्त कापणारा भाग वेगळा काढला. त्याला एवढंच कळतं: ओळीच्या सुरुवातीला कोलन-टॅग-कोलन असेल तर नवं फील्ड, नाहीतर मागच्याच फील्डचं शेपूट. साठेक ओळी झाल्या. त्या दिवशी पाचही फ्लॅग गेले, कारण पाचही जण एकच गोष्ट लक्षात ठेवत होते.

इथवर मी हवेत होतो. तारखांच्या कोडमध्ये एक बिनकॉमेंटचा इफ दिसला: व्हॅल्यू डेटचा महिना बारा आणि एंट्रीचा महिना एक असेल तर वर्ष एकने वाढव. मला वाटलं, कोणाचं तरी ठिगळ असेल. काढला. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. आता बघा, एंट्री डेटमध्ये फक्त महिना आणि दिवस असतो, वर्ष नसतंच. ३१ डिसेंबरचा व्यवहार १ जानेवारीला नोंदला गेला की व्हॅल्यू डेटचं वर्ष घेऊन चालत नाही. एक जानेवारीला लोक दगडूशेठच्या रांगेत आणि मी सपोर्टच्या कॉलवर, कारण नोंदी थेट वर्षभर मागे जाऊन बसल्या होत्या. माझ्या आठ महिन्यांच्या फाइलींमध्ये डिसेंबरच नव्हता, तर टेस्ट बिचाऱ्या काय करणार?

भोसरी

आमचं सी प्लस प्लस, गाड्यांवरचं जीपीएस. एनएमईएचं (जीपीएसची माहिती पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीचं) वाक्य डॉलरने सुरू होतं, चांदणीनंतर दोन अंकी चेकसम, म्हणजे मजकूर नीट आला का ते तपासायचा आकडा. जुना क्लास सीरियल पोर्टपासून नकाशापर्यंत सगळं एकटाच करायचा. मी तुकडे नीट पाडले, पण अक्षांश-रेखांशाचं रूपांतर तीन ठिकाणी होतं ते एकत्र करताना नुसतं शंभराने भागलं. १८३१ पॉइंट काहीतरी म्हणजे १८ अंश ३१ मिनिटं. मिनिटांना साठने भागायचं असतं. मी १८.३१ केलं. गाड्या उभ्या शिवाजीनगरला आणि नकाशावर तोरण्याच्याही पश्चिमेला, सह्याद्रीच्या ऐन कड्यांत. साहेब म्हणाले, ड्रायव्हर ट्रेकला गेलेत का?

तेव्हापासून माझ्या कोडमध्ये अक्षांश नुसता डबल (साधा दशांश आकडा) म्हणून फिरत नाही. त्याचा छोटा स्वतंत्र टाइप केलाय आणि तो बनवायला एकच दरवाजा.

कर्वेनगर

मी एकटीच कामं घेते. एक केटरर काका आहेत, त्यांचे पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर रोजचा खर्च मराठीत टाइप करून पाठवतात, ते वाचून खातेवही भरायची. पायथन. आकडे मराठी आले तरी पायथनचं इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) '२५०' मुकाट्याने घेतं, त्यामुळे मी निर्धास्त होते.

क्लास आवरताना एक कुरूप ओळ सापडली: सगळे अदृश्य वर्ण काढ, पण त्यातला हा एक सोडून. हा एकच लाडका का म्हणून? मी ती सरळ केली, सगळेच काढले. चार दिवसांनी काकांचा फोन. "ताई, आमच्याकडे आचार्य कधीपासून पोळ्या लाटायला लागले?" 'आचाऱ्यांची मजुरी' या खात्याशेजारी 'आचार्यांची मजुरी' असं नवं खातं उघडलं होतं आणि निम्मी रक्कम तिकडे जमा. झालं असं की अर्धा ऱ दोन प्रकारे लिहिला जातो. एक, नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन. दुसरा, साध्या र ला हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडवर्ण. पोरांपैकी काहींच्या कीबोर्डवरून दुसरा प्रकार यायचा. तो जोडवर्ण काढला की रफार होतो, आणि आचारी एका रात्रीत आचार्य. आता आत येतानाच दोन्ही प्रकार एकसारखे करून घेते, आणि त्या टेस्टचं नाव 'पोळ्या लाटणारे आचार्य' ठेवलंय.

मगरपट्टा

उलटाही अनुभव घ्या. मी एका पार्सरचे ४१ क्लास केले. फॅक्टरी, स्ट्रॅटेजी, व्हिजिटर असे डिझाइन पॅटर्न (कोड रचायचे ठरीव साचे), मुलाखतीला पाठ केलेलं सगळं वापरून झालं. पूर्वी एका खोलीत पसारा होता. आता एकेचाळीस खोल्या आणि किल्ली कुठली कुठे लागते ते कोणालाच कळेना. रिव्ह्यूत एकाने विचारलं, स्वल्पविराम नेमका कुठे हाताळला जातो? मला दाखवायला वीस मिनिटं लागली. सहावर आणले परत. जास्त लिहीत नाही, जखम ताजी आहे.

सहकारनगर

मी निवृत्त आहे, पण राहवत नाही. इथे कोणीतरी म्हणेलच की एवढा खटाटोप कशाला, ग्रामर (फॉरमॅटचे नियम) लिहा आणि त्यावरून पार्सर जनरेट करा. याक या पार्सर बनवून देणाऱ्या टूलवर मी पोट भरलंय, त्यामुळे त्याची निंदा करणार नाही. पण जीसीसी या कंपायलरनेसुद्धा २००४ च्या ३.४ आवृत्तीत सी प्लस प्लससाठी बायसनने (याकचाच भाऊबंद) बनवलेला पार्सर टाकून हाताने लिहिलेला रिकर्सिव्ह डिसेंट (प्रत्येक नियमाला एक फंक्शन असा) पार्सर घेतला, आणि पुढे सी साठीही तेच केलं. हाताने लिहिलेलं म्हणजे मागासलेलं असं काही नाही.

बाणेरकरांना मात्र एक विचारतो. सीएसव्ही तुम्ही स्वतः का कापताय? सीएसव्हीचे नियम सांगणारा आरएफसी ४१८० हा दस्तऐवज २००५ पासून आहे. अवतरणातला स्वल्पविराम, अवतरणातली नवी ओळ, दुहेरी अवतरण, सगळं त्यात लिहिलंय आणि तयार लायब्रऱ्या ते करतात. 'फ्लॅट ४, शनिवार पेठ, पुणे' असा एक पत्ता आला की स्वल्पविरामावर कापणाऱ्याचे तीन रकाने होतात.

बाणेर

काका, अगदी तेच तीन रकाने! 'फ्लॅग२' नेमका त्याचसाठी होता. कापायचं काम लायब्ररीला दिलं आणि नऊशेतल्या दोनशे ओळी तिथेच गेल्या.

'फ्लॅग२नवा'चाही छडा लागला. एक ग्राहक एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही काढतो, त्याच्या सुरुवातीला बीओएमचे (एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण) तीन बाइट असतात. त्यामुळे पहिल्या रकान्याचं शीर्षक दिसायला बरोबर, पण तुलनेत जुळायचं नाही. कोणीतरी 'पहिलं अक्षर सोडून दे' म्हणून फ्लॅग टाकला होता. हिंजवडीकरांचं ऐकून डिसेंबरच्या फाइली घेतल्या आहेत, फेब्रुवारीच्याही.

मेल पाठवण्याचा कोड मात्र मी काढूनच टाकला होता. पार्सरने मेल का पाठवावी? माझा बदल मुख्य कोडमध्ये मर्ज होऊन दोन दिवस झाले आणि अकाउंट्समधल्या मॅडम जागेवर आल्या. "रोज सकाळी चुकांची एक मेल यायची, ती बंद केलीस का रे? मी त्याच्यावरूनच ग्राहकांना फोन करते." मेल परत सुरू केली. वेगळ्या क्लासमध्ये.