क्लोंडाइक पाडले गेले, त्याची हळहळ कशासाठी?

मुशाफिर (धागाकर्ता):
अमेरिकेतील लास व्हेगासच्या 'स्ट्रिप'च्या, म्हणजे कॅसिनो-हॉटेलांनी गजबजलेल्या मुख्य रस्त्याच्या, दक्षिण टोकाला, 1959 सालच्या त्या सुप्रसिद्ध स्वागतफलकाजवळ, क्लोंडाइक नावाचे जेमतेम दीडशे खोल्यांचे कॅसिनो-हॉटेल होते. मुळातल्या मोटेलाचा बाज सांभाळलेली ही बैठी वास्तू 2006 च्या जूनअखेरीस बंद झाली आणि 2008 मध्ये पाडण्यात आली. तेथे आता हार्ली-डेव्हिडसनचे दालन आहे. माझ्या मते बेताच्या खिशाच्या प्रवाशाला परवडणारी अशी ठिकाणे गेल्यामुळे स्ट्रिप सर्वसामान्यांची उरली नाही. आता खोलीच्या भाड्यावर वेगळी 'रिसॉर्ट फी' मोजावी लागते, ती निराळीच.

हिशेबी:
सहमत नाही. स्वस्त खोली हे निव्वळ गळाला लावलेले आमिष असते, कारण भाड्यात सोडलेले पैसे खालच्या मजल्यावरच्या जुगारात वसूल होतात. नेवाडा राज्याच्या जुगार नियामक मंडळाचे आकडे पाहिल्यास, एका सेंटची स्लॉट यंत्रे (पैसे टाकून खेळायची जुगाराची यंत्रे) डॉलरच्या यंत्रांपेक्षा लावलेल्या रकमेतला मोठा हिस्सा गिळतात. म्हणजे ज्याची ऐपत कमी, त्याच्याकडूनच टक्केवारी जास्त! यात हळहळण्यासारखे काय आहे?

मुशाफिर:
स्लॉटपुरते आपले म्हणणे मान्य आहे. परंतु ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराचे टेबल पाहा. पहिल्याच दोन पानांची बेरीज एकवीस झाली, तर जुन्या रिवाजाप्रमाणे दहा डॉलरांवर पंधरा मिळत. स्ट्रिपवरील कमी रकमेच्या बहुतेक टेबलांवर आता बाराच मिळतात. असा डाव साधारण एकवीस डावांत एकदा येतो, त्यामुळे या एका बदलाने खेळणाऱ्याचा तोटा सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढतो. महागड्या झुंबराखाली बसवून केलेली ही लूट अधिक सभ्य कशी ठरते?

नकाशेवाला:
मूळ कारण जमिनीच्या भावात आहे. स्ट्रिपवरीलच वेस्टवर्ड हो हे कॅसिनो-हॉटेल नोव्हेंबर 2005 मध्ये आणि बोर्डवॉक जानेवारी 2006 मध्ये बंद झाले. त्या तेजीत बैठ्या इमारतीपेक्षा तिच्याखालची जागाच मोलाची ठरली. भाव तुलनेने आवाक्यात असलेल्या फ्रीमाँट स्ट्रीट परिसरात, म्हणजे शहराच्या जुन्या भागात, 1941 चे एल कोर्टेझ हे कॅसिनो-हॉटेल अजूनही चालू आहे.

हिशेबी:
मग तक्रार एवढीच उरते की स्वस्त खोली स्ट्रिपवरच हवी होती, आणि ती कोणी का द्यावी, हे धागाकर्त्यांनी अजून सांगितलेले नाही.