मधमाश्यांच्या पेट्यांबरोबर रोगनिदानासाठीही निधी हवा
अनुदानातून मधमाश्या पाळण्याच्या अधिक पेट्या वाटल्या की मधमाश्या वाढतील, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी केंद्राने ५०० कोटी रुपये मंजूर केले आणि आपल्या विलेपार्ल्यात मुख्यालय असलेला खादी व ग्रामोद्योग आयोगही पेट्या देतो, हे स्वागतार्हच आहे. परंतु १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातील सातेरी या पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाश्यांच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या, तेव्हा पाळणाऱ्यांकडे पेट्या होत्या, माश्या उरल्या नव्हत्या. या रोगात अळी कोषात जाण्यापूर्वीच पाणी भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते, आणि त्यावर खात्रीचे औषध नाही. म्हणूनच पोळ्यांची नियमित तपासणी, नमुन्यांची मोफत चाचणी आणि निरोगी वसाहतींतून राणीमाश्यांची पैदास यांसाठी निधीचा हिस्सा राखून ठेवावा, अशी मागणी मध विकत घेणाऱ्या आपण मुंबईकरांनीही लोकप्रतिनिधींकडे करावी.