मॅकेन्झी किंग यांची रोजनिशी आणि कॅनडातील सक्तीची सैन्यभरती: साधन म्हणून भरवसा किती?

प्रश्न
दुसऱ्या महायुद्धातील कॅनडाच्या सक्तीच्या सैन्यभरतीवर मी प्रबंध लिहीत आहे. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी १८९३ पासून १९५० पर्यंत लिहिलेली रोजनिशी माझे मुख्य साधन आहे. १ नोव्हेंबर १९४४ च्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत किंग यांनी, सक्तीने भरती केलेल्यांना परदेशी पाठवा असा आग्रह धरणाऱ्या संरक्षणमंत्री रॉल्स्टन यांचा, १९४२ मध्ये दिलेला आणि तोवर स्वतःजवळ राखून ठेवलेला राजीनामा पुढे करून स्वीकारला. त्या दिवसाची नोंद वाचताना मी नकळत किंग यांच्याच बाजूने विचार करू लागतो. हे टाळावे कसे?

पहिले उत्तर
आधी ही नोंद नेमका कशाचा पुरावा आहे, ते ठरवा. पायदळात माणसे खरोखर किती कमी होती, हे तिच्यावरून ठरवता येणार नाही; त्यासाठी लष्करी कागदपत्रेच पाहावी लागतील. मात्र २२ नोव्हेंबरला, स्वेच्छेच्या भरतीने काम भागणार नाही असा सेनाधिकाऱ्यांचा सल्ला रॉल्स्टन यांच्या जागी आलेले संरक्षणमंत्री मॅकनॉटन यांनी फोनवरून कळवल्यावर, तोवर परदेशी सेवेच्या सक्तीला विरोध करणाऱ्या किंग यांना धक्क्याऐवजी मनावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले, हे दुसऱ्या कुठल्या कागदात सापडणार? दुसऱ्याच दिवशी स्वदेशरक्षणासाठी सक्तीने भरती केलेल्यांपैकी १६,००० जणांना परदेशी पाठवण्याचा आदेश निघाला. माझ्या मते रोजनिशीचे खरे मोल अशा वळणांपाशी आहे.

दुसरे उत्तर
एक पुस्ती जोडतो. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून किंग बहुतेक नोंदी सचिवाला तोंडी सांगून टंकलिखित करून घेत. सांगणारा माणूस त्याच ओघात स्वतःची बाजूही मांडून घेतो, म्हणून ‘मी त्यांना म्हणालो’ अशा वाक्यांकडे अधिक संशयाने पाहावे. रॉल्स्टन यांची खासगी कागदपत्रे आणि मंत्रिमंडळाच्या युद्धसमितीची इतिवृत्ते शेजारी ठेवून तीच तारीख वाचा.

तिसरे उत्तर
संशय जरूर घ्यावा, पण किंग यांनी हे सगळे आपल्यासारख्या वाचकांसाठीच रचले असे मानू नये. खूण केलेले भाग वगळून रोजनिशी नष्ट करावी, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते, आणि त्या खुणा त्यांनी नीट केल्याच नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे: ज्यांच्यावर सक्ती झाली ते या पानांत जवळजवळ दिसतच नाहीत. स्वदेशरक्षणापुरते भरती झालेल्या आणि परदेशी जाण्यास नकार देणाऱ्या सैनिकांना लोक ‘झोंबी’ म्हणून हिणवत. ब्रिटिश कोलंबियातील टेरेस येथे तर त्यांनी उघड बंड केले. पाठवलेल्यांपैकी जेमतेम २,४६३ जण युद्ध संपण्यापूर्वी आघाडीवरील तुकड्यांत पोहोचले. परदेशी सेवेची सक्ती न करण्याच्या वचनातून सरकारला मोकळे करावे का, यावरच्या १९४२ च्या सार्वमतातही देशाने सुमारे ६५ टक्के मतांनी होकार दिला, तर क्यूबेकने ७० टक्क्यांहून अधिक मतांनी नकार दिला होता. तिथला राग समजून घ्यायला तेव्हाची फ्रेंच वृत्तपत्रे चाळावी लागतील.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. २२ नोव्हेंबरचे प्रकरण आता पुन्हा लिहितो. टेरेसचा उल्लेख माझ्या आराखड्यात मुळीच नव्हता.