फॉलिक ॲसिडची गोळी नेमकी केव्हापासून घ्यावी?

शेवंती:
आमच्या लग्नाला दीड वर्ष झाले असून दिवाळीनंतर बाळाचा विचार करावा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. माझ्या नणंदेचे पहिले बाळ पाठीच्या कण्यावर उघडी गाठ घेऊन जन्माला आले आणि चौथ्या दिवशी गेले. तिने तर दवाखान्यात नाव नोंदवल्या दिवसापासून फॉलिक ॲसिडची गोळी एकदाही चुकवली नव्हती. मग या गोळीचा उपयोग होतो तरी का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. सासूबाईंच्या मते मेथी, पालक, चवळी जेवणात असताना वेगळ्या गोळीची गरज नाही. औषधाच्या दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळी मिळाली, वाचनात मात्र ४०० मायक्रोग्रॅम हा आकडा येतो. आम्ही शाकाहारी आहोत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निर्गुडी:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या नणंदेची गोळी निरुपयोगी नव्हती, ती उशिरा सुरू झाली. ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते; ती नीट मिटली नाही तर पाठीवर अशी उघडी गाठ राहते. तोपर्यंत पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि पुष्कळ स्त्रियांना तोवर दिवस राहिल्याची खात्रीही झालेली नसते. नाव नोंदवायला त्या येतात तेव्हा बहुधा दुसरा महिना सरत आलेला असतो. म्हणून गोळी गर्भधारणेच्या किमान एक महिना, शक्यतो तीन महिने आधी सुरू करून बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज घ्यावी. चौथ्या महिन्यापासून सरकारी केंद्रात मिळणारी लाल गोळी रक्तक्षयासाठी आहे आणि ती अवश्य घ्यावी, परंतु नळी मिटण्याच्या कामी ती येत नाही.

दोन आकड्यांचा उलगडा असा. एरवी निरोगी स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम, पुरतात. ज्यांना आधी असे बाळ झाले होते, अशा स्त्रियांवर सात देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. रोज ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले होते. आपल्याकडची ५ मिलिग्रॅमची गोळी त्या मात्रेच्या जवळची आहे. पतीच्या सख्ख्या बहिणीचे बाळ असे असल्याने तुमचा कौटुंबिक इतिहास विचारात घ्यावाच लागेल, तेव्हा मात्रा स्वतः न ठरवता डॉक्टरांना ही हकीकत स्पष्ट सांगा. मधुमेह असेल किंवा फिटचे औषध, विशेषतः व्हॅल्प्रोएट, चालू असेल तर तेही सांगा. मात्र ते औषध आपल्या मनाने बंद करू नका.

पाऊलवाट:
माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या कमरेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया जन्मानंतर दुसऱ्या दिवशी झाली, पुढे डोक्यातील पाणी उतरवण्यासाठी नळी बसवावी लागली. ती पायांना आधार देणारे कॅलिपर लावून चालते आणि शाळेत गणितात पहिली येते. मला गर्भधारणेआधी कोणीही गोळीबद्दल सांगितले नव्हते, आणि कितीतरी वर्षे मी हा दोष स्वतःच्या माथी घेतला. गोळी वेळेवर घेऊनही काही बाळांमध्ये हा दोष राहतो, हे मला फार उशिरा समजले. शेवंतीताई, तुमच्या नणंदेला कोणी तिची चूक म्हणून ऐकवत असेल, तर कृपया ते थांबवा.

कोथरूडचा आहारतज्ज्ञ:
सासूबाईंचा आग्रह मोडू नका; भाज्या हव्यातच. पण भाजीतील फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचेच नैसर्गिक रूप, शिजवताना उष्णतेने कमी होते, उकळलेले पाणी ओतून दिल्यास त्याबरोबरही जाते, आणि उरलेले शरीरात गोळीतील फॉलिक ॲसिडइतके शोषले जात नाही. त्यामुळे ठरलेली मात्रा रोज केवळ ताटातून मिळेल, असे धरून चालता येत नाही. या जीवनसत्त्वाचा माग मुंबईतूनच लागला, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते: गिरणगावातील गर्भवती कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करणाऱ्या ल्युसी विल्स यांना तो यीस्टच्या अर्काने बरा होतो असे आढळले, आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील तेव्हा अज्ञात असलेला घटक म्हणजेच फोलेट.

तुम्ही शाकाहारी असल्याने गोळी सुरू करण्याआधी रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असताना जास्त मात्रेतील फॉलिक ॲसिडने रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ कमी होते, आणि बी-१२ कमी पण फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. बी-१२ची कमतरता स्वतःच मज्जानलिकेच्या दोषाशी जोडलेली आहे, म्हणून दोन्हींकडे एकत्र पाहावे.

शेवंती:
सर्वांचे मनापासून आभार. पाऊलवाटताई, तुमचा प्रतिसाद मी नणंदेला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग स्वतःहून म्हणाली की तिलाही पुन्हा बाळ हवे आहे. तिने काय करावे?

निर्गुडी:
त्यांच्यासाठी जास्त मात्रेची गोळीच योग्य, आणि तीही दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून. बी-१२ आणि रक्तशर्करा आताच तपासून घ्यावी. दिवस राहिल्यावर अकरा ते तेरा आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये आणि पाठीचा कणा बारकाईने पाहण्यासाठी अठरा ते वीस आठवड्यांची करावी. शक्य असल्यास पहिल्या बाळाचे कागद घेऊन तुम्ही दोघी एकत्रच भेटीला जा.