‘सुरकुत्या’ सोडून दुसरा शब्द सांगा की!

शाईदौत: आजीवर लेख लिहितेय. सोलापूरच्या पूर्व भागात घर, चाळीस वर्षं विड्या वळल्या तिने. पहिल्याच पानात ‘सुरकुत्या’ सात वेळा आलाय. चेहरा, हात, भिंत, सगळ्याला तोच! दुसरे शब्द सुचवा. ‘काळाने कोरलेल्या रेषा’ वगैरे नको, आजी हसेल.

रानातला: ताई, रेघ कशाने पडली ते आधी बघा. नांगराचा तो तास, उसाला पाडतात ती सरी, पाणी काढायला खणतात तो चर. आमच्या काळ्या रानाला मे महिन्यात पडतात त्या भेगा. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, पार हात आत जाईल एवढी फाकते. तास सरळ जातो, भेग वाट्टेल तिकडे. टाचांना भेगा म्हणा, तोंडाला नको.

कडकभाकरी: विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते, तशा ओठांभोवती असतात त्या चिरा. आणि दोडक्याच्या असतात त्या शिरा. ती खाच नव्हे, उंचवटा. हातावरच्या नसा वर आल्या असतील तर हात ‘शिराळ’ लिहा. (दोडक्याच्या शिरा फेकून देणाऱ्यांशी मी बोलत नाही. चटणी करा ओ!)

चाटीगल्ली: आमच्या दुकानातलं सांगतो. चुणी इस्त्रीने जाते, निरी मुद्दाम घातलेली असते. आठी फक्त कपाळाला. चादरीचा भाव सांगितला की गिऱ्हाइकाला पडते, दोन रुपये कमी केले की जाते. सुरकुती जात नाही, ती वयाची. वळी मांसल असते, बाळाच्या मांडीला शोभते. वळ वेगळा, तो छडीचा. शुद्धलेखन सांभाळा, नाहीतर आजीला मारल्यासारखं होईल.

शाईदौत: 😄 आजी वाळकी आहे, वळ्या बाद. भिंतीचं काय?

रानातला: पोपडे आलेत की तडा गेलाय?

शाईदौत: तडा. वर पन्हळी पत्रा.

रानातला: मग झालं की. पन्हळी म्हटलं की पत्रा डोळ्यापुढं येतो, आणखी विशेषण लावू नका.

पूर्वभाग: घरात तेलुगू बोलत असाल तर आजीलाच विचारा. आमच्यात ‘मुडतलु’ म्हणतात, कापडाच्याही आणि चेहऱ्याच्याही. शेजारच्या कन्नड काकू ‘सुक्कु’ म्हणतात आणि साडीच्या निऱ्यांना ‘नेरिगे’.

शाईदौत: विचारलं. मुडतलुच म्हणाली. मग ‘माझ्यावर काय लिहायचंय एवढं’ म्हणून अशी आठी घातली की लेख तिथूनच सुरू केला. ‘शिराळ’ घेतला. विडीच्या पानाच्या शिरा काढण्यात जन्म गेला तिचा, म्हणून तोच शब्द बसला. चिरांचं वाक्य मात्र तिला वाचून दाखवलं नाही अजून.

कडकभाकरी: शिरांची चटणी घेऊन जा, मग दाखव.