मदत हवी आहे: काळ्यातला काळा मॅट (बिनचकाकीचा) कसा राखावा?

रशियन चित्रकार मालेविचच्या 1915 च्या ‘काळा चौकोन’ या चित्राला भेगा गेल्या आहेत, कारण खालचा रंग पुरता वाळण्याआधीच वर काळा चढला. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकन चित्रकार अ‍ॅड राइनहार्टने तोच चौरस घेतला, पण त्यात किंचित लाल, निळ्या, हिरव्या झाकेचे नऊ काळे चौकोन दडवले. तो तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बरणीत ठेवायचा आणि वर आलेलं तेल ओतून टाकायचा. काय मखमली पोत येतो!

60 सेंमी कॅनव्हासवर हे करताना अडतंय. तेल जास्त निघालं की रंग भुकटीसारखा बोटाला लागतो, कमी निघालं की चकाकतो. आयव्हरी ब्लॅक (हाडांच्या कोळशाचा काळा रंग) तर मुळातच तेल फार पितो. बरणी किती दिवस ठेवावी? दोन थरांत किती अंतर? व्हार्निश नको, चकाकीत झाका हरवतात.