मदत हवी आहे: घासल्यावरची पांढरी भुकटी जाता जात नाही (तातडीचं)

मुक्ता_सा: सागवानी झोपाळ्याला पॉलिश चाललंय. पहिला हात झाला, सँडपेपर मारला, आता दुसरा द्यायचाय. पुसलं की स्वच्छ दिसतं, वाळलं की रेषांमध्ये परत पांढरं! रविवारी पाहुणे आहेत. लवकर सांगा.

रंधा: कुठलं पॉलिश? पेपर किती नंबरचा? पुसलं कशाने?

मुक्ता_सा: पॉलिश म्हणजे पॉलिशच. पेपर ३२०. फडक्याने पुसलं.

डोंबिवलीचे_काका: आमच्या वेळी लाख पॉलिश. जुन्या धोतराचं फडकं स्पिरिटमध्ये बुडवून फिरवलं की लख्ख. हल्ली कुणाला धीरच नाही.

रंधा: काका, लाख स्पिरिटमध्येच विरघळते. भुकटीबरोबर पहिला हातही उठेल.

डोंबिवलीचे_काका: आमचं देवघर अजून चकाकतंय. या बघायला.

झुळूक: सागाला वाळवी लागत नाही म्हणतात ना? आमच्या खिडकीला लागलीय.

मुक्ता_सा: कृपया विषयावर या. डब्यावर 'वॉटर बेस्ड पीयू' लिहिलंय.

रंधा: अहो, हे आधी सांगायचं! म्हणजे पाण्यातलं पॉलियुरेथेन पॉलिश. मग स्पिरिट नको आणि रॉकेल तर नकोच, त्याचा तेलकटपणा राहिला की पुढचा हात नीट धरत नाही. 'वाळलं की' म्हणताय म्हणजे फडकं ओलं होतं. ओल्यात भुकटी दिसत नाही, एवढंच. सागाची रंध्रं उघडी असतात, भुकटी त्यांत जाऊन बसते. व्हॅक्यूमला ब्रशचं तोंड लावून रेषांच्या दिशेने ओढा. मग मायक्रोफायबर भिजवून करकचून पिळा आणि घडी बदलत पुसा.

वार्निशवाला: एवढा खटाटोप कशाला? टॅक क्लॉथ आणा, चिकट असतो, सगळं उचलतो.

रंधा: त्याचं मेण लाकडावर राहिलं तर पाण्याच्या पीयूला खड्डे पडतात. तेलाच्या वार्निशला चालेल.

वार्निशवाला: हलक्या हाताने फिरवायचा असतो, रगडायचा नाही. माझ्या कामात एक खड्डा दाखवा.

मुक्ता_सा: व्हॅक्यूम नाहीये. आणि कड्यांजवळ नक्षी आहे, तिथे काय करू?

कुडाळची_सून: रंगाचा कोरा ब्रश घ्या, केस अर्धे कापा, ताठ होतो. त्याने कोरून काढा. मग मोबाइलचा टॉर्च लाकडाला आडवा टेकवून बघा, राहिलेला कण न् कण दिसतो. पंखा बंद ठेवा, नाहीतर उडालेली धूळ ओल्या पॉलिशवर येऊन बसेल.

डोंबिवलीचे_काका: पाऊस आहे का तिकडे?

मुक्ता_सा: धो धो. का?

रंधा: काकांनी बरोबर विचारलं, दमट हवेत पॉलिश लवकर वाळत नाही. पेपर मारताना पीठ निघालं की गोळ्या?

मुक्ता_सा: बैठकीवर पीठ, पाठीवर गोळ्या. पेपर सारखा चोंदत होता.

रंधा: मग पाठ वाळलेलीच नाही. तिला हात लावू नका. बैठकीचं उरका.

मुक्ता_सा: आणि रविवारचं?

डोंबिवलीचे_काका: पाहुण्यांना खुर्च्या द्या.

झुळूक: वाळवीचं कुणी सांगेल का?